दसऱ्यापर्यंत काढेल

"काढेल," असं मी म्हणाले. दुसरं कोणी नाही, मीच. आता पुढं सांगताना मी डॉक्टरांना चार शब्द बोलेन, त्यांच्या आईला बोलेन, माझी जीभ काही गोड नाही. पण तो शब्द माझा होता, हे आधीच सांगून ठेवते. मागाहून कोणी म्हणायला नको की सविता स्वतःला वगळून बोलली.

शिरूरला एसटी स्टँडपासून पाच मिनिटं चाललं की आमचं स्कॅन सेंटर लागतं. एक्स-रे, सोनोग्राफी, सीटी स्कॅन असं सगळं एका छताखाली. मी तिथं बारा वर्षं आहे. लागले रिसेप्शनला, नंतर कॉम्प्युटरचं बघायला कोणी टिकेना म्हणून तेही माझ्याच गळ्यात पडलं आणि मी शिकले. पुण्याहून इंजिनिअर आला की त्याच्या मागं उभी राहायची, काय दाबतो ते बघायची, दोनदा विचारायची. तो कंटाळायचा, मी कंटाळायची नाही. चार-पाच वर्षांत अशी वेळ आली की डॉक्टर परगावी असले तरी चालायचं, पण मी सुट्टीवर असले की सगळ्यांची पळापळ व्हायची. याचा मला माज होता, खोटं कशाला बोलू.

एक्स-रेच्या मागं एक कपाटाएवढी खोली आहे. तिथं दोन सर्व्हर. एक रोजच्या कामाचा आणि दुसरा बॅकअपचा. रोजच्या सर्व्हरमध्ये तीन वर्षांचे स्कॅन मावायचे. त्याहून जुने झाले की ते बॅकअपवर जायचे आणि पहिल्यावरून पुसले जायचे, म्हणजे नव्याला जागा व्हावी. आता बॅकअप म्हणजे काय, तर दुसरी प्रत, एक गेली तर हाताशी असावी म्हणून ठेवलेली. आमच्याकडं मात्र जुन्या स्कॅनची ती एकुलती एक प्रत होती. हे मला माहीत होतं, डॉक्टरांना माहीत होतं, आणि आम्ही दोघंही तिला बॅकअपच म्हणत होतो.

तो बॅकअप सर्व्हर सतरा सालचा. गेल्या जूनमध्ये त्याला नववं वर्ष लागलं होतं. पुण्याहून प्राची नावाची इंजिनिअर तपासणीला आली, शांत पोरगी, कामापुरतं बोलणारी. तिनं अर्धा दिवस बघितलं आणि मला बोलावून सांगितलं. आत चार डिस्क आहेत, त्यातली एक मेली आहे. एक मेली तरी बाकीच्या तिघी सगळं सांभाळतात, पण दुसरी गेली की सगळंच गेलं. या जातीच्या डिस्क आता मिळत नाहीत, म्हणून नवा सर्व्हरच घ्या आणि लवकर घ्या. आणि तोवर हा बंद करू नका. जुन्या डिस्क फिरत असतात तोवर फिरतात, एकदा थांबल्या की परत उठतील याचा भरवसा नसतो. हे तिनं सर्व्हिसच्या कागदावर मराठीत, ठळक लिहून दिलं. खाली सही माझी आहे.

कागद घेऊन मी डॉक्टरांकडं गेले. सत्यजीत डॉक्टर माणूस वाईट नाही. पेशंटवर ओरडत नाहीत, स्टाफच्या घरचं दुखणंखुपणं विचारतात. त्यांनी कागद वाचला, घ्यायचाच म्हणाले, पण दसऱ्याला घेऊ. त्यांच्या घरात यंत्र मुहूर्तावरच येतं. वडिलांनी पहिलं एक्स-रे मशीन दसऱ्याला आणलं, सीटी पाडव्याला आलं. एकदा घाईघाईनं सोनोग्राफीचं मशीन पितृपंधरवड्यात आणलं आणि महिन्याच्या आत बिघडलं. ते त्यांच्या आईंनी, मुक्ताबाईंनी, आजतागायत विसरू दिलेलं नाही.

मी म्हणाले, चार महिने आहेत अजून. ते म्हणाले, माहीत आहे. मग चष्मा काढून त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि विचारलं.

"सविता, दसऱ्यापर्यंत काढेल का?"

वडगाव रासाईला, माझ्या माहेरी, म्हाताऱ्या बैलाबद्दल असंच विचारतात, हा हंगाम काढेल का म्हणून. आणि विचारणाऱ्याला बैल कसा आहे हे ऐकायचं नसतं, त्याला होय ऐकायचं असतं. मला तेव्हा म्हणता आलं असतं की प्राचीला विचारा, ती शिकलेली आहे. पण त्यांनी मला विचारलं होतं, प्राचीला नाही. बारा वर्षांत त्यांनी इतकं मोठं काही माझ्यावर सोडलं नव्हतं. मी म्हणाले, काढेल. आणि अभिमानानं फुगून बाहेर आले.

जुलै गेला, ऑगस्ट गेला. मी रोज सकाळी त्या खोलीत जाऊन पेटीवर हात ठेवायची. गणपतीत आतून टिकटिक यायला लागली, घड्याळासारखी, पण वेळीअवेळी. डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, आता महिना तर राहिला. खरं तर मी तिथंच बसकण मारायला हवी होती. म्हणायला हवं होतं की साहेब, मी चुकीचं बोलले, आजच मागवा. पण आपला शब्द आपणच गिळायचा म्हणजे घशात अडकतो. मीही म्हणाले, हो, महिनाच राहिलाय.

नवा सर्व्हर खंडेनवमीच्या आदल्या दिवशी आला. खोक्यात होता, खोकं बोळात ठेवलं, कोणी उघडलं नाही. दसऱ्याला सकाळी दहाला प्राची येणार, नारळ फुटणार, मग खोकं उघडायचं आणि जुन्यातलं नव्यात भरायचं, असं ठरलेलं. म्हणजे सगळं सुखरूप पार पडायला मधला एक दिवस राहिला होता, फक्त एक.

खंडेनवमीला आमच्याकडं सगळी यंत्रं पुजतात. इमर्जन्सी सोडून त्या दिवशी काम नसतं. सीटी, एक्स-रे, प्रिंटर, अगदी वजनकाटासुद्धा पुसून हळदकुंकू लावायचं, झेंडूचा हार घालायचा. मुक्ताबाई सत्तरीच्या पुढं गेल्यात, तरी ताट घेऊन स्वतः फिरतात. बॅकअपच्या खोलीच्या दारात मी आडवी उभी राहिले. म्हटलं, आई, याची पूजा लांबूनच करा, हा चालू राहू दे. त्या थबकल्या. म्हणाल्या, चालतं यंत्र पुजत नाहीत, आज त्याच्या विसाव्याचा दिवस. मी त्यांना डिस्कचं सांगायला लागले. जुन्या डिस्क थांबल्या की उठत नाहीत, असं बोलताना माझं मलाच ते खुळचट वाटायला लागलं, कारण मागच्या आठ वर्षांत मीच तो दरवर्षी बंद केला होता आणि दरवर्षी तो मुकाट उठला होता.

मुक्ताबाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मीही अडून बसले असते, तेवढी हट्टी मी आहेच. त्या मायेनं म्हणाल्या, "वर्षभर राबवता गं, एक दिवस डोळे मिटू द्या की त्याला."

मागं डॉक्टर उभे होते, हातात मोबाईल. म्हणाले, दहा मिनिटं बंद कर, काय होतंय, दरवर्षी करतोच की. मी त्यांच्याकडं बघितलं. कागद त्यांनीही वाचला होता. त्यांनी मोबाईलमधून मान वर केली नाही.

मी बटण दाबलं. मला कोणी हात धरून दाबायला लावलं नाही.

पेटीचा घरघराट थांबला. मुक्ताबाईंनी कुंकू लावलं, हार घातला, हात जोडले. मीही जोडले. मग बाकीची पूजा, आरती, प्रसाद, सगळ्या स्टाफला वाटणं. दहा मिनिटांचे अडीच तास झाले. परत येऊन बटण दाबलं तेव्हा पंखा फिरला, दिवे लागले, आणि आतून टकटक सुरू झाली. मग लाल दिवा. मी पुन्हा बंद केला, पुन्हा चालू केला. सहा वेळा केला. हाराची फुलं अंगावर पडत होती तरी करत राहिले.

दसऱ्याला प्राची आली. तिनं संध्याकाळपर्यंत खटपट केली. मध्ये एकदाच विचारलं, "बंद केला होता?" मी हो म्हणाले. ती पुन्हा डिस्ककडं वळली. तिनं दोन कानाखाली ठेवून दिल्या असत्या तर बरं झालं असतं. नवा सर्व्हर बसला, चालू झाला, रिकामाच. बैल गेला आणि झोपा केला म्हणतात तो हाच.

डिस्क पुण्याला एका लॅबमध्ये पाठवून आतलं काढता येतंय का बघावं, असं प्राचीनं सुचवलं. डॉक्टर म्हणाले, दिवाळीनंतर बघू. तीन वर्षांचं आपल्याकडं आहेच, त्याहून जुनं कोण मागतंय? आणि खरंच, बारा वर्षांत तसं मागायला आलेली माणसं मी दोन हातांच्या बोटांवर मोजली असती. म्हणून मीही गप्प बसले. मला वाटलं, निभावलं.

दसऱ्यानंतर नवव्या दिवशी भिमा आला.

भिमा माझ्या माहेरचा, भीमा नदीकाठच्या वडगाव रासाईचा, त्या नदीचंच नाव ठेवलेला. धनगर वस्तीवरचा. त्याच्या आज्यापर्यंत मेंढरं होती, बापानं शेती धरली, आणि हा कुरकुंभला केमिकल कंपनीत ऑपरेटर. टॉवरवर चढून व्हॉल्व्ह बघायचं काम, तीन पाळ्या, मोटारसायकलवर येणं-जाणं. बेचाळीस वर्षांचा, धट्टाकट्टा. कंपनीच्या तपासणीत त्याच्या उजव्या फुप्फुसात डाग दिसला होता. पुण्याच्या मोठ्या डॉक्टरनं सगळं करून बघितलं, सुई घालून तुकडाही काढला, पण नक्की काही कळेना. तेव्हा त्यांनी विचारलं, छातीचा जुना स्कॅन कधी काढला होता का? तर होता. एकोणीस साली भिमा गाडीवरून पडला होता, बरगडी मोडली होती, आणि स्कॅन आमच्याकडंच झाला होता. फिल्म घरी पत्र्यातून गळलेल्या पाण्यानं एकमेकींना चिकटून गेल्या होत्या. रिपोर्टच्या कागदावर फक्त बरगडीचं लिहिलेलं.

भिमानं मला ते सगळं काउंटरपाशी उभं राहून नीट समजावलं, मला कळत नसल्यासारखं. सहा वर्षांपूर्वी तो डाग तिथं असंल आन् एवढाच असंल, तर काय भ्याचं कारण न्हाई, तसाच ठेवायचा. तवा नसंल, तर फुप्फुसाचा तेवढा भाग कापून काढायचा. म्हंजी त्या जुन्या स्कॅनवरच सगळं हाय ताई, असं म्हणून तो हसला. माझ्यावर त्याचा भरवसा होता. गावची पोरगी कॉम्प्युटरवर बसलीय म्हटल्यावर त्याला वाटलं, आता काम झालंच.

मी त्याच्या हातातला पुण्याच्या डॉक्टरांचा कागद ठेवून घेतला. मी म्हणाले, जुनं मशीन बिघडलंय, पुण्याला पाठवून बघते.

मग मात्र मी डॉक्टरांचं ऐकलं नाही. केबिनमध्ये जाऊन सांगितलं की डिस्क मी आजच घेऊन चालले, रजा द्या नाहीतर नका देऊ. त्यांनी भिमाचा कागद वाचला आणि त्यांचा चेहरा उतरला. गाडी देतो म्हणाले. मी एसटीनंच गेले, मांडीवर पिशवी धरून, रांजणगाव, शिक्रापूर, वाघोली, सगळा रस्ता ती पिशवी पोटाशी धरून. लॅबमधल्या माणसानं तीन आठवडे घेतले. त्या तीन आठवड्यांत भिमाचा दर दोन दिवसांनी फोन यायचा. "मिळालं का वो ताई?" एवढंच विचारायचा. मी दोनदा अजून पुण्याला जाऊन आले. नवस बोलायची मला सवय नाही, तोही बोलले.

शेवटी लॅबवाल्यानं बोलावून दाखवलं. डिस्कच्या आतल्या तबकडीवर चरे पडले होते, गोल गोल. म्हणाला, यातून काही निघत नाही, मॅडम. मग आपण होऊनच म्हणाला की थांबवली नसती तर आणखी चार-आठ दिवस सहज गेली असती, तेवढ्यात सगळं उतरून झालं असतं. मी त्याला विचारलं नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, भिमाला सांग, तीन वर्षांच्या वरचं आपण ठेवत नाही, तसा नियमच आहे. मी ते नाही सांगितलं. पण खरंही नाही सांगितलं. मशीन गेलं, असं म्हणाले. जणू ते आपल्या पायानं चालत गेलं. भिमा म्हणाला, तुमी लई पळालात ताई, आता त्याची मर्जी.

दिवाळी झाल्यावर पुण्यात त्याचं ऑपरेशन झालं. उजव्या फुप्फुसाचा खालचा भाग काढला. मी फोन केला नाही. करायला धीर झाला नाही.

संक्रांतीच्या पुढच्या आठवड्यात तो सेंटरला आला. वाळला होता, शर्ट अंगावर ढगळ झाला होता, पण चेहरा उजळलेला. हातात पेढ्यांचा पुडा. मला बाजूच्या खोलीत बसवून त्यानं सांगितलं की तो डाग म्हणजे जुन्या टीबीचा व्रण होता म्हणे. कधी झाला, कधी बरा झाला, त्यालाही पत्ता नाही. कापून तपासला तेव्हा कळलं. "कायसुदीक न्हवतं ताई," असं तो दोनदा म्हणाला. आता जिन्यानं दम लागतो. टॉवरवर चढायचं बंद, कंपनीनं गेटवर बसवलंय. पोहायचं तर नावच नको, आणि हा नदीकाठचा माणूस. पण चालायचं, जिवावरचं शेपटावर निभावलं. आईनं बिरोबाला बोललेला नवस फेडला, सगळ्या वस्तीला जेवण घातलं. असं सगळं सांगताना तो मध्ये मध्ये थांबून श्वास घेत होता, आणि थांबल्याबद्दल माझ्याकडं बघून हसत होता.

मला ते बघवेना. पुडा त्यानं माझ्यापुढं सरकवला आणि मी बोलायला लागले. जूनपासून सगळं सांगितलं. प्राचीनं काय लिहून दिलं, डॉक्टरांनी काय विचारलं, मी काय म्हणाले. नवा सर्व्हर बोळात येऊन पडला होता आणि पूजेसाठी मी जुना बंद केला, बंद करू नका असं लिहिलेल्या कागदावर माझी सही असताना. काही वगळलं नाही. बोलून झाल्यावर मला एकदम हलकं वाटलं, हेही सांगते, कारण ते खरं आहे आणि मला त्याची लाज वाटते.

भिमा बराच वेळ पुड्याच्या दोऱ्याशी चाळा करत राहिला.

"म्हंजी ते मशीन चालू असतं, तर कापलं नसतं?"

"नसतं."

"डाग तवाबी व्हता."

"असणारच. जुना व्रण होता म्हणजे असणारच."

त्यानं मान हलवली, हिशोब जुळल्यासारखी. शिव्या देईल असं वाटलं, मी तयार होते. त्यानं छातीच्या उजव्या बाजूला हात ठेवला आणि तिथंच राहू दिला.

"मला कशापायी सांगितलं ताई?" तो म्हणाला. आवाज चढला नव्हता. "मी रोज सकाळी उठून म्हनत व्हतो, वाचलो. कापलं तर कापलं, पर वाचलो. आता उद्या उठून काय म्हनू?"

मी खरं बोलले ते त्याच्यासाठी नव्हे, माझ्या डोक्यावरचं ओझं उतरावं म्हणून बोलले, आणि ते उतरवून मी त्याच्या त्या अर्ध्या छातीवर ठेवलं होतं. माफी मागायला तोंड उघडलं तर त्यानं हातानंच नको म्हणून सांगितलं.

मग उठत म्हणाला, "आईला यातलं कायबी बोलू नका. भाईर बाकड्यावर बसलीय. तुमालाच भेटाया आलीया."

मी नको म्हणेपर्यंत त्यानं दार उघडलं. अनसाबाई आत आली. नऊवारी, कपाळावर भंडारा, हात शेतात राबून काळवंडलेले. मला तिनं लहानपणी पाहिलेलं. तिनं माझं तोंड दोन्ही हातांत धरलं, माझ्या लेकासाठी पुण्यापतोर पळालीस बाई, म्हणाली. सख्खी बहीण करनार न्हाई एवढं केलंस. आणि माझ्या तोंडावरून हात फिरवून आपल्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. मग पुड्यातला एक पेढा उचलून तिनं माझ्या ओठांशी धरला.

मी भिमाकडं बघितलं. तो भिंतीकडं तोंड करून उभा होता, श्वास घेत.

अनसाबाईचा हात खाली येईना. मी तोंड उघडलं आणि पेढा खाल्ला.